पेव आल्याच्या कुळातला की नाही? आणि वेलदोडा आपल्या रानात का नाही?

परसदार_चिपळूण

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. घरामागे आईची परसबाग आहे आणि पावसाळ्यात मला आजूबाजूच्या रानात फिरायची खोड आहे. यंदा ठरवलं की आल्याच्या कुळातलं जे जे दिसेल त्याचे फोटो काढून नीट यादी करायची. परसात आलं, हळद, आंबेहळद, सोनटक्का, कर्दळ आहेच, रस्त्याच्या कडेला पेव तर विचारूच नका इतका माजलाय, आणि वर घाटात रानहळद भेटली, गुलाबी तुरा आणि खाली पिवळी फुलं. शिवाय मे महिन्यात आईच्या तुळशीपाशी एकही पान नसताना थेट मातीतून पांढरं-जांभळं फूल आलं होतं, आई त्याला भुईचाफा म्हणते, तोही याच कुळातला असं कोणीतरी सांगितलं.

आता अडचण अशी की काकांकडच्या जुन्या पुस्तकात पेव आल्याच्या कुळात टाकलाय, त्यात तर कर्दळ आणि केळसुद्धा त्याच गटात आहेत. मोबाईलवरचं ॲप म्हणतं पेवाचं कूळ कोस्टेसी. नावाचा पण गोंधळ, एकीकडे कॉस्टस स्पेसिओसस, दुसरीकडे चेलोकॉस्टस, तिसरीकडे हेलेनिया. मी यादीत नक्की काय लिहू?

दुसरा प्रश्न जास्त छळतोय. वेलदोडा मूळचा पश्चिम घाटातला असं सगळीकडे वाचते. मग आपल्याकडच्या घाटात, आंबोलीला म्हणा, कोयनेच्या रानात म्हणा, तो रानटी का दिसत नाही? पाऊस तर आपल्याकडे काही कमी नाही.

पानवाचक

ताई, तुमच्या काकांचं पुस्तक चुकीचं नाही, जुनं आहे. इंग्रजांच्या काळात बेंथम आणि हूकरची पद्धत चालायची, तिच्यात आलं, कर्दळ, केळ, पेव सगळं सिटॅमिनी नावाच्या एकाच मोठ्या कुळात कोंबलेलं होतं. पुढे त्या एका कुळाचा अख्खा गण झाला, झिंजिबरेलीज, आणि त्यात आता आठ कुळं धरतात. केळीचं म्युझेसी, बर्ड ऑफ पॅराडाइजचं स्ट्रेलिट्झिएसी, रिसॉर्टवाले लावतात त्या हेलिकोनियाचं वेगळं, आग्नेय आशियातलं छोटंसं लोविएसी, आणि मग आल्याच्या बाजूची चार म्हणजे झिंजिबरेसी, कोस्टेसी, कर्दळीचं कॅनेसी आणि आरारूटचं मॅरँटेसी. म्हणजे कर्दळ तुमच्या यादीत हवी असेल तर "नातेवाईक" म्हणून शेवटी टाका, आल्याच्या कुळात नको. तशीही ती मूळची अमेरिकेतली, आपल्याकडे बागेतून गटारापर्यंत पसरलेली.

पेवाचं म्हणाल तर तो १९४१ पासून वेगळ्या कुळात आहे, जपानी शास्त्रज्ञ नाकाई यांनी कोस्टेसी वेगळं काढलं, सगळ्यांनी ते मानायला मात्र वेळ लागला. पण यासाठी पुस्तक कशाला, पेवाच्या खोडाकडे वरून बघा. पानं जिन्यासारखी गोल गोल फिरत वर जातात. हळदीची, आल्याची, सोनटक्क्याची पानं कायम दोन ओळींत, एक इकडे एक तिकडे. आणि दुसरं म्हणजे पान चुरगाळा. हळदीचं पान चुरगाळलं की हाताला वास राहतो, पेवाच्या पानाला काही वास नाही, कोस्टेसीत ती सुगंधी तेलंच नाहीत. पेवाच्या पानात पातोळ्या करून बघा एकदा, घरचे काय म्हणतात ते इथे कळवा 😄

फुलाचं तर अजून मजेशीर आहे. सोनटक्क्याचं फूल हातात घ्या. मोठी पांढरी दुभंगलेली पाकळी दिसते ना, ती पाकळी नव्हेच. ते दोन पुंकेसर आहेत, परागकण द्यायचं सोडून चपटे होऊन एकमेकांना चिकटलेले. बाजूचे दोन पंख तेही पुंकेसरच. खऱ्या पाकळ्या मागे बारीक पट्ट्यांसारख्या लोंबत असतात, तिकडे कोणाचं लक्षही जात नाही. कामाचा पुंकेसर एकच, आणि त्याच्या दोन कप्प्यांच्या मधल्या खाचेतून स्त्रीकेसराचा दोरा ओवलेला असतो, सुईने हळूच सोडवला तर पूर्ण सुटा निघतो. पेवाच्या फुलात तो मोठा पांढरा झगा दिसतो तो पाच पुंकेसर मिळून झालेला. दोन विरुद्ध पाच, एवढा फरक असल्यावर वेगळं कूळ करणं काही आगाऊपणा नाही.

यादीत हेलेनिया स्पेसिओसा लिहा, कंसात जुनं कॉस्टस स्पेसिओसस. कॉस्टस हा जीनस (कुळाच्या आतला छोटा गट) आता अमेरिका आणि आफ्रिकेपुरता ठेवलाय, आशियातला आपला पेव त्यातून बाहेर काढला, आधी २००६ ला चेलोकॉस्टस केलं आणि मग अजून जुनं हेलेनिया नाव सापडलं म्हणून ते आलं.

उगाच_शंका

म्हणजे परत तेच. दर दहा वर्षांनी नाव बदलायचं आणि आपण पाठ करत बसायचं. बॉटनीवाल्यांना दुसरा उद्योग नाही का? माझ्या बीएस्सीच्या वेळी पठारावरचा चवर हिचेनिया कॉलिना होता, परवा कासला गेलो तर बरोबरचा पोरगा म्हणतो ते आता कर्कुमा. हळदीचा जीनस! चवर कुठे, हळद कुठे, दिसायला तरी काही मेळ आहे का?

पानवाचक

@उगाच_शंका तुमचंच उदाहरण घेतो कारण ते भारी आहे. चवराचं पहिलं वर्णन केलं जॉन ग्रॅहमने, मुंबई इलाख्याच्या वनस्पतींच्या यादीत, साल १८३९. हा माणूस बॉटनिस्ट नव्हे, मुंबईच्या टपाल खात्यातला अधिकारी. यादी छापून व्हायच्या आत वारला, मग निम्मो नावाच्या दुसऱ्याने काम पुरं केलं. तर ग्रॅहमने चवराला नाव काय दिलं होतं? कर्कुमा कॉलिना. पुढे बेकरने तो हिचेनियात नेला. आणि आता डीएनए तपासल्यावर तो हळदीच्या जीनसच्या अगदी पोटात बसतो असं दिसलं, म्हणून तो परत ग्रॅहमच्या नावावर आला. म्हणजे पोरगा नवीन नाव सांगत नव्हता, सगळ्यात जुनं सांगत होता. ताईंची रानहळद, कर्कुमा स्यूडोमोंटाना, तीही ग्रॅहमचीच.

बदल का होतात ते पण सांगतो. २००२ पर्यंत या कुळाचे चार गट पाडायचे ते मुख्यतः फुलाच्या बाजूच्या पंखांवरून आणि बीजकोशाच्या कप्प्यांवरून. २००२ मध्ये स्मिथसोनियनच्या जॉन क्रेस आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या दोन तुकड्यांवरून वंशवृक्ष मांडला आणि जुने गट बरेचसे मोडले. आता चार उपकुळं आहेत. त्यातली दोन अगदी छोटी, एक आफ्रिकेतल्या सायफोनोकायलसचं आणि एक बोर्निओतल्या टॅमिजियाचं ज्यात फक्त एकच स्पीशीज (जात) आहे. उरलेलं सगळं जग दोन मोठ्या उपकुळांत, झिंजिबरॉइडी म्हणजे हळद-आलं-सोनटक्का-भुईचाफा, आणि अल्पिनिऑइडी म्हणजे वेलदोडा, मसाला वेलची, कोष्टकोलिंजन वगैरे.

आणि खरा कचरा व्हायचा तो वेलचीच्या बाजूला. ॲमोमम नावाच्या जीनसमध्ये फळ वेलचीसारखं दिसलं की टाक, असं शंभर-दीडशे वर्षं चाललं होतं. २०१८ मध्ये तो फोडला आणि त्यातून अर्धा डझनाच्या वर जीनस निघाले. आपली बिर्याणीतली मसाला वेलची ॲमोममच राहिली, चीनवाल्यांची काळी वेलची मात्र लँक्सँगिया झाली. त्याच वर्षी मलेशिया-बोर्निओकडच्या तथाकथित वेलदोड्यांना पण एलेटारियातून, म्हणजे वेलदोड्याच्या जीनसमधून, काढून सुलेटारिया केलं. परिणाम असा की एलेटारिया हा जीनस आता फक्त दक्षिण भारत आणि श्रीलंकेचा. नावबदलाने एवढी गोष्ट कळत असेल तर पाठ करायला माझी हरकत नाही.

उगाच_शंका

टपाल खात्यातला माणूस हे माहीत नव्हतं. बरं, चवराचं मान्य. पण ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला तुम्ही शिताफीने बगल दिलीत 😀

सड्यावरचा

बगल दिली ते बरं केलं, तो माझा आवडता प्रश्न आहे.

ताई, पाऊस किती पडतो हे विसरा. आंबोलीला केरळातल्या वेलदोड्याच्या मुलखापेक्षा, इडुक्कीच्या बऱ्याच भागांपेक्षा, जास्तच पडतो. प्रश्न आहे पाऊस नसतो किती महिने. आपल्याकडे जूनला येतो, सप्टेंबर-ऑक्टोबरला आटोपतो, मग सात-आठ महिने थेंब नाही. जसजसं घाटाने दक्षिणेला जाल तसतसा हा कोरडा काळ आकसत जातो. केरळात मे महिन्याआधीच वळवाचे सडाके सुरू होतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरला परतीचा मोठा पाऊस असतो, काही ठिकाणी जेमतेम दोन-तीन महिने कोरडे. वेलदोड्याला तेच लागतं. त्याचं झाड वर्षभर हिरवं, पान गाळून झोपी जायची सोयच त्याच्यात नाही, फुलाचे तुरे बुडातून जमिनीलगत पसरतात, माती सुकली की संपलं. कर्नाटकात शिरसीकडे सुपारीच्या बागेत लावतात ते पण पाणी आणि सावली आहे म्हणून.

आता वर पानवाचकांनी दोन मोठी उपकुळं सांगितली ना, ती इथे लावा. हळद-आल्याचं जे उपकूळ आहे त्यातल्या बहुतेकांना झोपायची कला येते. पाऊस संपला की पानं पिवळी, मग वाळून सपाट, जमिनीवर काहीही खूण नाही, गड्डा खाली गप पडलेला. वेलचीच्या उपकुळातले बहुतेक सदाहरित. त्यामुळे महाराष्ट्रातल्या रानात मोजायला बसलात तर जवळजवळ सगळं झोपणाऱ्यांचंच राज्य दिसेल. रानहळद, चवर, नीसमसारखी आल्याची रानटी भावंडं, ग्लोबा. वेलचीच्या बाजूचं जे दिसेल ते बहुधा कोणीतरी लावलेलं. हे वर्गीकरण कोणी हवामान बघून केलेलं नाही, डीएनए वरून केलंय, तरी घाटात ते पावसाच्या महिन्यांप्रमाणे वेगळं झालेलं दिसतं. मला तरी या कुळात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

चवर तर याचा कळस. पाचगणीचं टेबललँड किंवा कासचं पठार एप्रिलमध्ये बघा, तापलेला जांभा खडक, वीतभर माती, त्यात काय जगणार? पण ऑगस्टमध्ये तिथेच कमरेइतका चवर उभा, टोकाला हिरवट-पांढरं कणीस. सगळी शिदोरी कंदात. त्याच्या कंदाचं पीठ आरारूटसारखं वापरायचे महाबळेश्वराकडे. विदर्भ-छत्तीसगडकडे तिखूर काढतात तो पण हळदीचाच भाऊ, कर्कुमा अंगुस्टिफोलिया. खरं आरारूट मात्र अमेरिकेतलं, मॅरँटेसीचं, त्याचा हळदीशी लांबचाच संबंध.

आणि कड्यावरची रानकेळ बघितलीय? कवदर म्हणतात आमच्याकडे. केळीच्या कुळातली असून पावसाळा गेला की पानं झडून नुसता बुंधा. कूळ वेगळं पण आपल्या घाटात राहायचं तर अट तीच.

फक्त एक, हा नियम काळ्या दगडावरची रेघ समजू नका. सोनटक्का झिंजिबरॉइडीतला, पण ओहोळाच्या कडेला पाणी मिळालं की तो वर्षभर हिरवा राहतो. तो आपला मूळचा नव्हेच म्हणा, हिमालयाच्या पूर्व भागाकडून आलेला. ब्राझील आणि हवाईत तर ओढ्यांच्या कडेने एवढा माजला की उपटायच्या मोहिमा काढतात, आणि क्यूबाने त्यालाच राष्ट्रीय फूल केलंय!

मुक्काम_सिंगापूर

सड्यावरचा यांच्या मुद्द्याला इकडून दुजोरा. मी सिंगापूरला राहते, इथल्या बोटॅनिक गार्डनमध्ये फक्त आल्याच्या मंडळींसाठी वेगळा बगीचा आहे. इथे कोरडा ऋतू असा नसतोच, त्यामुळे वर्षभरात कधीही जा, सगळं हिरवं आणि काही ना काही फुललेलं. वेलचीच्या बाजूची झाडं दोन-दोन पुरुष उंच होतात. टॉर्च जिंजर म्हणून एक आहे, एटलिंगेरा, त्याचा फुलाचा दांडा पानांच्या खोडापासून सुटा, थेट जमिनीतून वर येतो आणि टोकाला मेणाचं वाटावं असं गुलाबी फूल. त्याची कळी बारीक चिरून इथे रोजाक नावाच्या सॅलडमध्ये घालतात, पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला साबण खाल्ल्यासारखं वाटलं, आता आवडतं.

एक विचारते, जगभराचा नकाशा कसा आहे या कुळाचा? अमेरिकेत आलं-हळद रानात आहेत का?

पानवाचक

आलं-हळद नाहीत. अख्ख्या कुळात पन्नासच्या वर जीनस आणि सोळाशेच्या वर स्पीशीज, त्यातला सिंहाचा वाटा भारतापासून न्यू गिनीपर्यंत. भारतात पण ईशान्येकडे सगळ्यात दाटी, सोनटक्क्याचे भाऊबंद तिकडे बघावेत. आफ्रिकेत मोजकेच जीनस. आफ्रॅमोमम हा मोठा, त्यातल्या एकाच्या बिया युरोपात मध्ययुगात मिऱ्याच्या जागी विकल्या जायच्या. मघाशी सांगितलेला सायफोनोकायलस, त्यातला एक दक्षिण आफ्रिकेत औषधासाठी इतका उपसला की क्वाझुलू-नतालमध्ये रानातून संपला. आणि अमेरिकेत रानटी असा एकच जीनस, रेनेल्मिया, तोही आफ्रिकेत आहेच.

पेवाच्या कुळाचं याच्या बरोब्बर उलट. कोस्टेसीच्या दीडशेच्या आसपास स्पीशीज, त्यातल्या बहुसंख्य मध्य आणि दक्षिण अमेरिकेत, आशियात थोड्याच. नर्सरीत "इन्सुलिन प्लांट" म्हणून विकतात ना, तो पूर्व ब्राझीलचा, पेवाच्याच कुळातला. (त्याने साखर उतरते वगैरे भरवशावर गोळ्या बंद करू नका कोणी.) म्हणजे दोन सख्ख्या शेजारी कुळांतलं एक आशियात फोफावलं, एक अमेरिकेत.

परसदार_चिपळूण

अरे बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. धन्यवाद सगळ्यांना. यादी आता अशी करतेय, झिंजिबरेसी एका पानावर, पेव वेगळा, कर्दळ शेवटी. आज सकाळी पेवाचं पान चुरगाळून आईच्या नाकाशी धरलं, ती म्हणाली गवत आहे नुसतं.

दोन शेपट्या. एक, भुईचाफा पान नसताना कसा काय फुलला? दोन, आमच्या हळदीला फुलं येतात पण बी कधी धरत नाही, रानहळदीला धरतं का? आणि फुलं नसताना एखादं झाड हळदीच्या बाजूचं की वेलचीच्या बाजूचं हे ओळखता येतं का, कारण शेजाऱ्यांकडे एक उंच झाड आहे, ते वेलची म्हणतात पण त्यांच्या हयातीत त्याला वेलची धरलेली नाही.

सड्यावरचा

भुईचाफा म्हणजे केंप्फेरिया रोटुंडा. हाही झोपणाराच, पण उठताना आधी फूल पाठवतो आणि पाऊस लागला की मग पान. वरून हिरवं-चंदेरी आणि खालून जांभळट पान आलं असेल बघा आता त्या जागी. गड्ड्यात साठा असल्यावर पानाची वाट बघायची गरज नाही.

हळदीला बी नाही कारण ती ट्रिप्लॉइड आहे, गुणसूत्रांचे तीन संच, बीज तयार होताना वाटणी जुळत नाही. म्हणून सांगलीपासून हिंगोलीपर्यंत सगळी हळद बेण्यावरच चालते, आल्याचंही तसंच, गड्डा मोडून लावायचा. दोन्ही खरोखर रानटी अशी कुठे सापडत नाहीत. रानहळद मात्र बी धरते.

पानवाचक

शेजाऱ्यांच्या झाडासाठी बुडाची माती जरा उकरा. गड्डा जमिनीत कुठल्या दिशेने सरकतोय ते बघा, म्हणजे जुनं खोड ते नवीन कोंब अशी एक रेघ मनात काढा. मग पानांच्या दोन ओळी बघा. पानं त्या रेघेच्याच दिशेत पुढे-मागे असतील तर हळद-आल्याच्या बाजूचं. पानं रेघेला आडवी, म्हणजे डावी-उजवीकडे पसरली असतील तर वेलचीच्या बाजूचं. कोवळ्या फुटव्यावर बघा, जुनी खोडं वाऱ्याने पिळवटलेली असतात. आधी स्वतःच्या आल्यावर करून बघा म्हणजे डोळा बसेल.

आडवी निघाली तरी ती वेलचीच असेल असं नाही हं, कोकणात बऱ्याच घरी अल्पिनिया लावलेला असतो आणि पानाला वास येतो म्हणून त्यालाच वेलची म्हणतात. वेलचीचा तुरा बुडातून येतो, अल्पिनियाचा पानांच्या खोडाच्या टोकाला. शेजाऱ्यांच्या झाडाला टोकाला कधी फुलं आली होती का विचारा.

परसदार_चिपळूण

विचारलं. टोकालाच येतात म्हणे, पांढरी, दर वर्षी. त्यांना सांगायचं कसं हा आता वेगळा धागा काढावा लागेल.